मनोरमाअक्कांचा शनिवार

बातमी आली तेव्हा मी वॉर्डात सकाळची औषधं देत होते. मुलींच्या शाळेचा शिपाई दारातच उभा राहिला, आत येईना. "सिस्टर, धुळ्याच्या बाई गेल्या," एवढंच म्हणाला. मनोरमाअक्का जळगावात शिकवायला आल्या त्याला किती वर्षं लोटली, तरी शाळेला त्या धुळ्याच्या बाईच राहिल्या. आमच्या ख्रिस्ती मंडळीला मात्र त्या अक्का. रविवारच्या उपासनेची गाणी त्या बसवायच्या, पेटीही त्याच वाजवायच्या. मी ट्रे खाली ठेवला आणि कुठल्या खाटेपर्यंत आले होते तेच विसरले...

अक्कांची माझी खरी ओळख झाली ती माझे यजमान गेल्यावर. नशिराबादहून सायकलनं परतताना त्यांना ट्रकनं उडवलं. लग्नाला फार दिवस झाले नव्हते. अंत्यविधीला अक्कांच्या गायकवर्गानं स्वर्गातल्या आनंदाचं एक गाणं म्हटलं, आणि मला ते सोसलं नाही. पुढे मी उपासनेला जायची ती फक्त सासूबाईंना हात धरून न्यायला म्हणून. गाणं सुरू झालं की दात आवळून उभी राहायची. देवाशी माझं बोलणं बंद झालं होतं. भांडण असतं तर एक वेळ बरं... तेही नव्हतं.

एका संध्याकाळी अक्का आमच्या पिंप्राळ्याच्या खोलीवर आल्या. मला वाटलं, आता वचनं ऐकवतील, समजूत घालतील. तसं काही न करता त्यांनी शनिवारी तालमीला घरी ये म्हणून सांगितलं. मी स्पष्टच म्हणाले की माझ्यानं यापुढे गाणं होणार नाही, देवाचे आभार मानावेत असं माझ्याजवळ काही उरलेलं नाही. अक्का एरवी शाळेतलं स्वच्छ मराठी बोलायच्या, पण माया दाटून आली की माहेरची अहिराणी तोंडात यायची.

"तू नुसती बठ," त्या म्हणाल्या. "आमी म्हनतस ना."

मग मी नुसती बसू लागले. त्यांच्या ओसरीवर सतरंजी अंथरलेली असे, पेटी, तबला, आणि भोवती आम्ही सातआठ जण. अक्का गाणं घाईनं पुढे नेत नसत. एकेक ओळ सोडवून घ्यायच्या. एकदा 'क्षमा' या शब्दावर सगळे भरभर पुढे जाऊ लागले, तेव्हा त्यांनी पेटी थांबवली. हा शब्द उरकायचा नाही, म्हणाल्या, तो म्हणताना कुणीतरी डोळ्यांपुढे यायला हवं. माझ्या डोळ्यांपुढे तो ट्रक ड्रायव्हर आला, ज्याचा चेहरा मी कधी पाहिलेला नव्हता. मी उठून अंगणात गेले. पुढच्या शनिवारी परत आले, तर कुणी काही विचारलं नाही.

असे कितीतरी शनिवार गेले. प्रवचनातलं मला काही लागत नव्हतं, पण ऐकून ऐकून ती गाणी आत उतरत होती. वॉर्डात चादरी बदलताना एखादी ओळ आपोआप मनात चालू व्हायची. एके दिवशी लक्षात आलं, आपण तिच्यातून कुणाशी तरी बोलतो आहोत. मी ते कुणाला सांगितलं नाही. ओठ मात्र अजून मिटलेलेच होते.

पुढे बहात्तरच्या दुष्काळात अक्कांची एकुलती एक लेक उषा धुळ्याला बाळंतपणात गेली. बाळही राहिलं नाही. अक्का आणि त्यांचे यजमान, ज्यांना आम्ही नाना म्हणतो, यांच्याबरोबर मी एस.टी.नं धुळ्याला गेले. गायकवर्गातले दोघेतिघेही होते. दफनभूमीत पाळकसाहेबांनी वचन वाचलं आणि सवयीनं अक्कांकडे पाहिलं. सगळेच पाहू लागले. अक्कांचे ओठ हलले, आवाज फुटेना. पुन्हा प्रयत्न केला, तरी नाही. तेव्हा त्यांच्या शेजारी उभी असलेली मी गाऊ लागले. सूर खालचा लागला होता. मग इतरांनी उचललं, आणि कडवं पुरं झालं.

परतीची बस पारोळ्याला थांबली. मग अक्का खिडकीबाहेर पाहतच म्हणाल्या, "आज माझ्याकडून प्रार्थना झालीच नाही, कुमुद. तुम्ही म्हणत होतात, तेवढंच माझ्याजवळ होतं."

त्यानंतर बरेच महिने अक्का तालमीत नुसत्या बसत. पेटी त्यांनी माझ्याकडे सरकवली. बोटं चुकली की मान हलवायच्या, एवढंच. पुढे त्या पुन्हा गाऊ लागल्या, पण आवाज आता पूर्वीसारखा वर चढत नसे. गाण्यांची निवडही बदलली. आपण आजवर फक्त भरल्या घरची गाणी म्हणत होतो, असं त्या एकदा म्हणाल्या. देवाला 'कुठे आहेस' असं विचारणारी जुनी भजनं त्यांनी शोधून काढली. असोद्याची एक म्हातारी बाई मागच्या बाकावर बसायची. शेत कोरडं गेलं, त्यात मुलगा सुरतेला निघून गेलेला. त्या जुन्या भजनांतलं एक झाल्यावर ती अक्कांचा हात धरून कितीतरी वेळ उभी राहिली होती.

शेवटच्या आजारात मी रोज त्यांच्याकडे जात असे. बोलणं कमी झालं होतं. मी पायांना तेल चोळताना गुणगुणायची, आणि मी थांबले की त्या डोळे उघडून पाहायच्या...

आता नाना घरात एकटेच असतात. त्यांना त्रास नको म्हणून तालीम चर्चमध्ये हलवावी असं आमचं ठरत होतं. तरी गेल्या शनिवारी शेवटची म्हणून आम्ही ओसरीवर जमलो. अक्कांची एक सवय होती. भजन संपलं की त्या लगेच कुणाला बोलू देत नसत. पेटीच्या भात्यात हवा उरलेली असते. तो आपोआप बसेपर्यंत सगळ्यांनी गप्प राहायचं. त्या दिवशी शेवटचा सूर सोडून मी तशीच थांबले. आत नाना कपबशा मांडत होते, तो आवाजही बंद झाला. भाता हळूहळू बसला. मग नाना चहा घेऊन बाहेर आले, सगळ्यांना दिला आणि म्हणाले, "पुढच्या शनिवारी इथंच या."