अंगठ्याचा गिअर, मुठीचा गिअर

पडेगावच्या रस्त्याला कडुबाचं सायकलचं दुकान आहे आणि त्याला खेटूनच त्याची बायको लीलाबाई बांगड्या भरते. कडुबाकडे पंक्चर कमी, प्रवचन जास्त, असं गिऱ्हाईकं म्हणतात. ते काही खोटं नाही. विषय एकच, गिअर बदलावा कशानं!

"बारीक टायरच्या रोड सायकलला गिअर ब्रेकच्या दांडीतच. दोन बोटांनी आत ढकलली की झालं, हात सोडायचं काम नाय. डोंगरातल्या सायकलला हँडलखाली खटके, अंगठ्यानं दाबायचे. लई भारी! आन् तिसरी ती हँडलची मूठ पिळायची तऱ्हा..." इथे तो नाक मुरडायचा. "ते पोरासोरांचं खेळणं."

शाळेत शिकवणाऱ्या सरिता मॅडमना त्यानेच छातीठोकपणे खटक्यांची सायकल घ्यायला लावली होती. रविवारी त्यांचा ग्रुप दौलताबादच्या घाटाने खुलताबादला जातो. दोनदा मॅडम अर्ध्या घाटात उतरून सायकल ढकलत वर गेल्या. बुधवारी त्या दुकानात आल्या.

"काका, विकून टाका ही. मला नाही जमणार."

 कडुबाने सायकल स्टँडवर चढवली, हाताने पेडल फिरवत खटका दाबला. गिअर अलगद बदलला.

"सायकलीत काय बी खोट नाय," तो म्हणाला. मग खोट कुणात, ते न बोलताही कळलं. मॅडमचं तोंड उतरलं.

लीलाबाई शेजारून उठली. "अवो, यांचा हात पाहिला का तुम्ही?" बांगडी भरण्याआधी दाबून पाहते तसा तिने सरिताचा हात दाबून पाहिला. "अंगठा कधी मोडला व्हता, बाई?"

"कॉलेजात असताना. चढावर दमले की त्यात जोरच राहत नाही."

"मूठ आवळा बरं." सरिताने आवळली. "अगं माय! मुठीत लई जोर हाय की!"

कडुबाचे कान लाजेने तापले. वीस वर्षं तो गिअर बसवत होता, पण गिऱ्हाईकाचा हात त्याने एकदाही पाहिला नव्हता.  शहरभर पायपीट करून त्याने त्या सायकलला चालेल अशी पिळायची मूठ शोधली, खटके काढले आणि ती बसवून दिली.

रविवारी सकाळी त्याचा फोन वाजला. आधी नुसती धाप ऐकू आली, मग सरिताचा आवाज.

"काका, वर पोचले! एकदाही पाय टेकला नाही!"

 "थांबा मॅडम," कडुबा म्हणाला, "हे आधी हिला सांगा." आणि त्याने फोन लीलाबाईच्या हातात दिला.