मंजुरीचं पान

नव्वदच्या दशकाच्या शेवटी मी डहाणूतल्या एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायचो. क्लासच्या मालकांना सगळे सर म्हणत. सरांना धड माउस धरता येत नव्हता, पण 'सिस्टिम' हा शब्द ते असा उच्चारत, की समोरच्याने उठून उभं राहावं.

क्लासने वेबसाइट बनवून द्यायला घेतल्या, तेव्हा पहिलं गिऱ्हाईक मीच आणलं. घोलवडची मावशी, आईची मैत्रीण. चिकूच्या कलमांची नर्सरी एकटी चालवायची. फाटकावरच्या काळ्या पाटीवर ती रोज सकाळी खडूने लिहायची, कोणती कलमं तयार, कोणती नाहीत. तिची अट एकच होती. "पाटीसारखं पायजे. मीच लिहीन, मीच पुसीन. कोणाच्या पाया पडायला लावू नको."

प्रोग्राम मी ती पाटी डोळ्यांपुढे ठेवूनच लिहिला. एका पानाची एक साधी फाइल. पहिली ओळ मथळा, बाकीच्या ओळी मजकूर. डेटाबेस नाही. चित्रंही नाहीत, कारण चित्र चढेपर्यंत फोनची लाइन तुटायची. सगळं एका फ्लॉपीत मावायचं. मराठी अक्षरांचे चौकोन व्हायचे, म्हणून मावशी बाजाराला आली की क्लासमध्ये बसून इंग्रजी अक्षरांत मराठी टाइप करायची. दोन खेपांत शिकली. सर दोन वर्षांत शिकले नव्हते.

सरांना हे फारच हलकं वाटलं. पळती अक्षरं हवीत, किती जणांनी पान पाहिलं त्याचा आकडा हवा. नाकापेक्षा मोती जड! ते मी कसंबसं टाळलं. मग ते म्हणाले, "आणि मंजुरी? उद्या बाई काहीही लिहील. ऑफिसात सहीशिवाय कागद हलतो का?"

झालं. मी कचेरीतल्या कारकुनाचा मुलगा. सही म्हटली की आमच्या घरात आवाज खाली यायचा. मी मुकाट्याने पासवर्ड घातला. मावशीने लिहायचं, सरांनी मंजूर करायचं, मगच पान बदलायचं. "आता कशी सिस्टिम झाली!" सर म्हणाले, आणि सांगायला लाज वाटते, मला बरं वाटलं. मावशीला मी यातलं काही सांगितलं नाही.

त्या थंडीत तिची कलमं जगली नाहीत. तिने टाइप केलं, कलमं नाहीत, येऊ नका. सर राजकोटला लग्नाला गेले होते, त्यामुळे मंजुरी अडकली आणि जुनंच पान दिसत राहिलं. प्रोग्राम माझाच, मला पासवर्ड सहज ओलांडता आला असता. पण सरांना न विचारता कसं? थू माझ्या अकलेवर.

आठवड्याने नवसारीकडचा एक बागवाला तलासरीवरून टेम्पो घेऊन तिच्या फाटकात आला. भाच्याच्या कॉम्प्युटरवर त्याने पान पाहिलं होतं. मावशीने त्याला चहा दिला. पाटी वाचून तो म्हणाला, "बेन, इथे 'नाही' लिहिलंय, तिथे 'आहे' लिहिलंय. तमारुं साचुं कयुं?"

तुमचं खरं कोणतं, असं तिला इतक्या वर्षांत कुणी विचारलं नव्हतं.

मी घोलवडला गेलो, तेव्हा पाटीवर एक ओळ वाढली होती: कॉम्प्युटरवर आमच्या नावाने आहे ते आम्ही लिहिलेले नाही.

मावशीने मला चहा विचारला नाही.