रांगोळीने आखलेला रस्ता

"कागदावर सगळंच मावतं, अम्मा. रस्त्यावर मावत नाही," इंजिनिअर लोकेश शनिवारी म्हणाला होता. "सोमवारी आठला मी येतो. दहाला करवतवाले."

तुंगम्माला ते लागलं. तीस वर्षं तिने म्हैसूरच्या एका कार्यालयात नकाशे उतरवले होते. साहेबांनी पेन्सिलीने आखायचं, तिने शाईने गिरवायचं; स्वतःची एक रेघ घालायची नाही. रिंग रोडपलीकडची ही वसाहतही तिनेच गिरवलेली. तेव्हा इथे नाचणीची शेतं होती. पुढे इथेच घर बांधलं आणि बस चालवणाऱ्या तिच्या नवऱ्याने, रंगप्पाने, वळणावर फाटकासमोर करंज लावला. त्याचं बघून शेजाऱ्यांनी लावले. बारा झाले.

आता पाच उंच इमारती उठल्या होत्या, म्हणून बाराही झाडं काढून चाळीस फूट डांबर होणार होतं. त्यातही पायी चालणाऱ्यांना जागा नव्हती. महिन्यापूर्वी दूधवाल्या पुट्टम्माची नात नव्या शाळेत जाताना मोटारसायकलखाली आली. पाय अजून प्लास्टरमध्ये होता. तेव्हा तुंगम्माने आयुष्यात पहिल्यांदा स्वतःचा नकाशा काढला. मधे चोवीस फूट गाड्यांना. दोन्ही अंगांना आठ-आठ फूट माणसांना आणि झाडांना. शनिवारी लोकेशने तो पाहिला, घडी घालून परत दिला.

सोमवारी उजाडायच्या आत ती आणि पुट्टम्मा रस्त्यावर उतरल्या. दोरी, फीत आणि रांगोळीची दोन पोती. नकाशा जसाच्या तसा, खऱ्या मापाने, रस्त्यावर उतरला. प्रत्येक बुंध्याभोवती एक गोल.

"दारातल्या रांगोळीवर कोणी चाक घालत नाही," पुट्टम्मा म्हणाली. "पण भररस्त्यातल्या?"

"तेच बघायचंय."

आठ वाजता लोकेश आला, हाताची घडी घालून उभा राहिला. पहिला स्कूटरवाला जोरात आला, पांढरी रेघ दिसताच त्याने वेग कमी केला आणि तो मधल्या पट्ट्यात सरकला. मग रिक्षा. मग समोरासमोर दोन शाळेच्या बसगाड्या. बस बसला घासून गेल्यासारखी गेली, पण रेघ शाबूत राहिली. शाळेच्या मुली रेघेपलीकडून, झाडांखालून चालत होत्या.

"चोवीस फूट पुरले, साहेब," पुट्टम्मा म्हणाली.

"अजून टँकर यायचाय," लोकेश म्हणाला.

तो आलाच. इमारतीच्या कामाला पाणी नेणारा, लांबलचक. ड्रायव्हरने मान बाहेर काढली. "अज्जी, लग्न कुणाचं?"

"तुझं नाही ना? मग सावकाश घे."

हसत त्याने वळण घेतलं. पुढचं चाक रेघेच्या आतून गेलं. मागचं आलं, आलं, आणि रेघ चिरडत वर चढलं. टँकरचं अंग रंगप्पाच्या करंजाची साल ओरबाडत गेलं. पुट्टम्माने तुंगम्माचा दंड घट्ट धरला.

"दिसलं, अम्मा?" लोकेशच्या आवाजात टोमणा नव्हता. "उद्या आग लागली तर बंबही एवढाच लांब असणार."

"दिसलं." तीस वर्षं तिने वळणं गिरवली होती, पण मागचं चाक पुढच्यामागून सरळ येत नाही, हे तिच्या शाईला कधी कळलं नव्हतं. रंगप्पाला रोज कळत असणार.

तिने फीत काढली, चाकाच्या खुणेपासून मोजलं. "इथली रेघ पाच फूट मागे घेतली की टँकर सुटतो."

"त्या पाच फुटांत तुमचं झाड येतं."

"रस्त्यावरचं झाड आहे. माझं कसलं?"

ती गुडघ्यांवर बसली. जुनी रेघ ओल्या फडक्याने पुसली, नवी ओढली. "बाकीची अकरा राहतात. ह्या नकाशावर लिहून द्या. तारखेसकट."

"वरच्या साहेबांशी मलाच भांडावं लागणार," लोकेश म्हणाला. मग मोटारसायकलच्या सीटवर नकाशा पसरून त्याने लिहिलं, खाली सही केली. तिने वाचून तारीख तपासली.

दहाला करवतवाले आले. "कुठलं पाडायचं?" त्यांच्यातल्या म्होरक्याने विचारलं.

लोकेशने तुंगम्माकडे पाहिलं. ती पुन्हा वाकली आणि फाटकासमोरच्या करंजाभोवतीचा गोल तळहाताने पुसून टाकला.

"ज्याच्याभोवती रांगोळी नाही, ते," ती म्हणाली. "आधी फांद्या उतरवा. शाळा सुटायच्या आत रस्ता मोकळा हवा."