सल्काच्या हातची चरबी

सल्का मिंत बेबक्कर ही हाडं मोजून घ्यावीत अशी वाळकी बाई; पण वाळवंटातल्या किफ्फा गावाच्या आसपासच्या निम्म्या तंबूंमधल्या पोरी तिनेच लठ्ठ केल्या होत्या. तोच तिचा धंदा. पोरीचं अंग भरलं नाही तर तिला मागणी कोण घालणार? म्हणून आया सात-आठ वर्षांच्या लेकी तिच्या हवाली करून जात. मग उजाडल्यापासून उंटिणीच्या दुधाचे वाडगेच्या वाडगे. पोर नको म्हणाली की सल्का तिच्या पायाचं बोट दोन काठ्यांत धरून दाबायची. ओकली तर ओकलेलं पाजायची. दयाबिया काही नाही. दया केली असती तर ह्या सगळ्या बिनलग्नाच्या राहिल्या असत्या, असं ती ठणकावून सांगे, आणि तिला ते अगदी मनापासून खरं वाटे.

सगळ्यांत देखणी घडवली ती पोटची पोरगी, तेकबेर. लग्नात तिला उठवायला दोन बायका लागल्या, तेव्हा सल्काचा ऊर भरून आला होता.

म्हातारपणी सल्काच्या पायाच्या अंगठ्यात काटा मोडला आणि जखम चिघळली. लोणी झालं, राख झाली, मंतरलेलं पाणी झालं. मेली जखम भरेचना, उलट काळी पडून वर चढायला लागली. रक्तात साखर होती, तिनेच बाई वाळत चालली होती. शेवटी तिला राजधानीत, नवाकशोतच्या इस्पितळात आणलं.

डॉक्टर सीदाती म्हणाले, "मावशी, पोटाची थोडी चरबी काढतात. तिच्यातल्या मूळपेशी वेगळ्या करून जखमेभोवती टोचतात. कधी कधी नवं मांस धरतं." मग त्यांनी तिचं पोट चिमटीत धरून पाहिलं. हाताला नुसती कातडी लागली. "तुमच्याकडे काढण्यासारखं काहीच नाही हो."

"मग दुसऱ्या कुणाची काढा!"

"तसंही करून बघतोय आम्ही. पण माणूस निरोगी हवा. नाहीतर पाय काढावा लागेल."

सल्का चक्क हसली. "चरबीला काय तोटा, डॉक्टर? जन्मभर दुसरं केलंय काय मी!"

तेकबेर आली ती दर चार पायऱ्यांवर बसत बसत.

"आलीस का, राणीसाहेब? माझाच पाय चालत येऊन तुला भेटला असता एव्हाना."

"गप गं, आई," तेकबेर धापा टाकत म्हणाली. "डॉक्टर, लागेल तेवढी काढा."

"बघितलंत?" सल्काने नर्सला सुनावलं. "हे सगळं माझ्या हातचं!"

तेकबेरचं रक्त तपासायला गेलं, छातीही तपासली. दुपारी डॉक्टर आले ते उभ्यानेच बोलले. "तेकबेरबाई, तुम्हालाही साखर आहे. बरीच वर्षं असावी. काळीजही थकलंय. तुमच्या पेशी चालायच्या नाहीत."

"अहो, एवढ्यातून वाडगाभर तरी चांगली निघेल की!" सल्का कळवळून म्हणाली.

"सगळी एकाच अंगातली आहे, मावशी. लहानपणापासून एवढं वजन वागवलं की असं होतं." हे वजन कुणी चढवलं, ते त्या बिचाऱ्याला ठाऊक नव्हतं.

आता लेक तोंड सोडणार, म्हणून सल्का जीव मुठीत धरून बसली. तेकबेर मात्र रडायला लागली.

"आई, ते सगळं प्यायले गं मी. ओकलेलंसुद्धा. आज वाटलं, निदान तुझ्या पायाच्या तरी कामी येईल."

सल्काला पोरीला जवळ घ्यावंसं वाटलं, पण हात उठेना.

"तुमचे पाय बघू जरा," डॉक्टर तेकबेरला म्हणाले. तिला वाकता येत नव्हतं, म्हणून नर्सने तिचा अंगभर गुंडाळलेला मलहफा वर धरला. दोन बोटांच्या बेचक्यात पैशाएवढी ओली जखम होती. डॉक्टरांनी तिच्या कडेला सुई टेकवली.

"दुखतंय?"

"कुठे काय आहे?" तेकबेरने विचारलं. आपले पाय तिने कित्येक वर्षांत पाहिलेच नव्हते.

सल्काने पाहिलं. ही जखम पुढे कुठवर चढते, ते तिच्याच पायावर लिहिलेलं होतं. तिने डॉक्टरांचा हात घट्ट धरला.

"माझा टाका कापून," ती म्हणाली. "आत्ताच्या आत्ता कापा. पण हिचा वाचवा हो, डॉक्टर. हिला चरबी कुणाची देऊ, तेवढं सांगा."