मुकुट नसलेल्या राजाचा शिक्का

आमच्या घराच्या दाराला कधी पाटी नव्हती. गल्लीतल्या सरांच्या दारावर नावाखाली ‘बी.ए., बी.एड.’ असायचं, आमच्याकडे नावाखाली लिहिण्यासारखं कुणाकडे काही नव्हतं. म्हणून मध्ययुगीन इतिहासात एम.ए. करायला म्युनिकला आले आणि पत्रपेटीवर नाव चिकटवायची वेळ आली, तेव्हा मी रोमन लिपीत नाव लिहिलं आणि त्याखाली मराठीत ‘एम.ए. इतिहास (जर्मनी)’. पहिलं सेमिस्टर नुकतंच सुरू झालं होतं. फोटो काढून बाबांना पाठवला.

जिच्या फ्लॅटमध्ये मी खोली घेतली होती ती ताई, मोटार कंपनीतली इंजिनिअर, ते वाचून म्हणाली, “अगं, पोस्टमनला नाव पुरतं. ही मार्कशीट कुणासाठी?”

बाबांसाठी, असं मी म्हटलं. ते निम्मं खरं होतं.

थोड्याच दिवसांत माझं रेफराट होतं, म्हणजे वर्गापुढे विषय मांडायचा. ते बिघडलं असतं तर अख्खा सेमिनार पुन्हा करावा लागला असता. विषय होता एकाच वेळी निवडलेल्या दोन राजांचे शिक्के. काही सरदारांनी एकाला निवडलं, काहींनी दुसऱ्याला. मेणात उमटलेले दोघांचे ठसे जवळजवळ सारखेच: सिंहासन, हातात राजदंड, डोक्यावर मुकुट, कडेनं ‘देवाच्या कृपेनं राजा’. मी ठामपणे सांगितलं की ज्याचा ठसा स्वच्छ, तो खरा राजा. तहसील कचेरीच्या रांगेत लहानपणापासून मी हेच शिकले होते. शिक्का पुसट असला की कागद परत.

प्राध्यापकबाई हसल्या नाहीत, बाकीचे हसले. मेण टिकलं ते कोरड्या कपाटामुळे, त्यात राजाचं कर्तृत्व नाही, एवढंच त्या म्हणाल्या. माझे कान तापले. मग त्यांनी विचारलं, “मुकुट दोन्ही शिक्क्यांवर आहे. खरा मुकुट तेव्हा एकाच्याच ताब्यात होता. मग दुसऱ्यानं डोक्यावर काय दाखवलं?”

मी “आल्झो”, म्हणजे ‘तर…’, म्हणाले आणि अडकले. डोळ्यांपुढे शिक्का येईना, आमची पत्रपेटी येत होती.

“जे अजून मिळवायचं होतं, ते,” मी म्हणाले.

“गेनाऊ, अगदी बरोबर,” बाई म्हणाल्या आणि पुढचं चित्र लावायला सांगितलं. रेफराट कसंबसं तरलं.

यू-बान मेट्रोनं परत आल्यावर मी आधी नखानं स्टिकरचा खालचा भाग खरवडून काढला. मग बाबांना फोन केला. सगळं सांगायचं ठरवलं होतं, पण त्यांनी बोलू दिलं नाही. माझ्या फोटोवरून त्यांनी पत्र्याची पाटी रंगवून घेतली होती, डिग्रीसकट, आणि सकाळीच दारावर ठोकली होती. सर स्वतः येऊन वाचून गेले म्हणे.

मग मी डिग्री अजून मिळालेली नाही हे हळूच सांगितलं.

“काढू का मग?” त्यांनी विचारलं.

“नको,” मी म्हटलं. “पण बाबा, रंग पक्का आहे ना? दोन वर्षं टिकायला हवा.”