मूठ कुणाच्या हातात उघडते

“ह्यांचा हात माझ्या हातात आला की दगड, अन् त्या व्यायामवालीच्या हातात गेला की लोणी! मी काय समजायचं, वन्सं?”

“तिने शिक्षण घेतलंय त्याचं,” नणंद म्हणाली. “आणि पोरगी लेकीच्या वयाची आहे. काहीतरीच तुमचं, वहिनी.”

“वयाचं नका सांगू. तिच्याकडे बघून हसतात. अर्ध्याच तोंडाने, पण हसतात! माझ्या वाट्याला नुसतं घोरणं.”

बोलता बोलता कडकताईने ओल्या चादरीची दोन टोकं नणंदेच्या हातात दिली आणि असा झटका मारला, की नणंद चादरीबरोबर पुढे आली.

कडकताई हे गल्लीने ठेवलेलं नाव. कपड्याला खळ कडक, गिऱ्हाइकाशी बोलणं त्याहून कडक. धुलाईच्या दुकानात तिचा जन्म गेला. नवरा धुवायचा, ती झटकायची आणि इस्त्री मारायची. ओलं कापड नीट झटकलं की अर्ध्या सुरकुत्या तिथेच मरतात, हे तिचं कसब.

त्या नवऱ्याची उजवी बाजू पक्षाघाताने गेली. हात आधी लुळा होता, मग आवळत गेला. कोपर पोटाशी, मूठ घट्ट. नखं तळव्यात रुतायची, आत घाम कुजायचा. मूठ रोज उघडली नाही तर बोटं तशीच आखडून बसतील, असं डॉक्टरने बजावलेलं. म्हणून ती व्यायामवाली पोरगी यायची. संध्याकाळी तोच ताण बायकोने द्यायचा, असं ठरलेलं.

कडकताई बोटं धरायची आणि एका हिसक्यात सरळ करायला बघायची. जेवढा हिसका, तेवढी मूठ घट्ट. नवरा बोंबलायचा. सकाळी मात्र तीच मूठ पोरीच्या हातात गुपचूप उघडायची. शेवटी कडकताईने पोरीला सांगून टाकलं, “उद्यापासून येऊ नकोस. घरचं घरी बघू.”

थोड्याच दिवसांत तळव्याला वास सुटला, नखाखाली लाल झालं. ती नुसती जवळ आली तरी नवरा हात पोटाशी घ्यायला लागला. ते तिला झोंबलं. पोरीला परत बोलावलं, पण नणंदेकरवी.

या खेपेला ती दुकान सोडून समोरच स्टूल टाकून बसली. पहाराच म्हणा.

पोरीने मनगट आधी आत वळवलं.

“उघडायची सोडून मिटतेस काय गं?”

“मनगट आत घेतलं की बोटं सैल पडतात, मावशी.”

मग तिने अंगठा बुडाशी धरला. हात आवळला की ती थांबायची, ओढायची नाही. नुसती धरून बसायची. हळूहळू मूठ उघडली. नवरा हसला.

कडकताईने स्टूल पुढे ओढलं. “हसता काय? एवढं काय आहे हिच्या हातात?”

त्याची जीभ जड होती. एकेक शब्द काढत तो म्हणाला, “ती... झटकत... नाही.”

दारात उभ्या नणंदेने तोंड फिरवलं. हसू दाबताना तिचे खांदे हलत होते.

“म्हणजे मी काय चादर समजते तुम्हाला?”

त्याने मान डोलावली.

कडकताई उठली. “सरक गं. मी धरते. तू तोंडाने सांग, हात लावायचा नाही.”

तिने मनगट वळवलं, अंगठा बुडाशी धरला. हिसका मारायला बोटं शिवशिवत होती. दात आवळून ती थांबली. अंगठा सुटला. मागून एक बोट सुटलं. बाकीची बसून राहिली.

“एवढंच?”

“आज एवढंच. जास्त ओढायचं नाही.”

नवरा ओरडला नव्हता. पण हसलाही नव्हता, हे तिच्या नजरेतून सुटलं नाही.

“तिच्याकडे बघून हसू, अन् माझ्याकडे बघून घाम?”

“भीती... वाटते.”

“वाटू दे!” तिने तळवा पुसला, मुठीत स्वच्छ फडक्याची गुंडाळी ठेवली आणि पोरीकडे वळली. “उद्या ये. पण बसायचं त्या स्टुलावर. हात मीच धरणार.”

दुकानातून गिऱ्हाईक हाका मारत होतं. “आले की! कुठे आग लागलीय?” म्हणत ती गेली आणि तापलेली इस्त्री उचलून एका शर्टाच्या कॉलरीला भिडली.