नटाचा शब्द

माझा धाकटा भाऊ मालिकेत खलनायकाचं काम करतो, हे सांगायची मला कित्येक वर्षं लाज वाटायची. मी ओतूरजवळच्या एका गावात मास्तरकी केली आणि जोडीला कांदा पिकवला. नट म्हटलं की माझ्या डोक्यात ठरलेलं चित्र असायचं: दुपारपर्यंत लोळायचं, संध्याकाळी प्यायचं, राग नाकावर आणि बोलणं असं की समोरच्यानं विरघळून जावं. भाऊ पहाटे पाचला उठून शूटिंगला जातो, घरी आला की दुसऱ्या दिवसाचे संवाद पाठ करत बसतो, दारूच्या नुसत्या वासानं त्याला मळमळतं, हे सगळं मला ठाऊक होतं. तरी मत काही बदललं नाही. मास्तरांची मतं अशीच असतात.

अण्णा, म्हणजे आमचे वडील गेले, तेव्हा तो आळेफाट्याला एसटीतून उतरून धावतपळत घरी आला. एवढी सुट्टी कशी मिळाली विचारलं, तर म्हणाला, त्याच्या पात्राला अपघात करवून दवाखान्यात टाकलंय. तोंडाला पट्ट्या बांधून पलंगावर दुसराच कुणीतरी झोपतो. आमच्या घरी भेटायला आलेल्या बायका भावालाच विचारायच्या, आता बरं हाय का म्हणून. हसावं की रागवावं, मला कळेना.

दहाव्याला सगळे घाटावर जमले. पिंडाला कावळा शिवला नाही, की गेलेल्या माणसाची काहीतरी इच्छा राहिली असं आमच्याकडे धरतात. मग घरचे एकेक पुढे होतात आणि हात जोडून शब्द देतात. त्या दिवशी कावळे समोरच्या बाभळीवर बसून होते, उतरायचं नाव नव्हतं. मी थोरला, म्हणून पहिला पुढे झालो. जमीन विकणार नाही, आईला अंतर देणार नाही, असं वर्गात बोलावं तसं खणखणीत सांगितलं. कावळा हलला नाही. चुलत्यांनीही सांगून पाहिलं. मग सगळ्यांच्या नजरा भावाकडे वळल्या. दोघातिघांनी तर मोबाइल वर धरले. आता नट काहीतरी जोरदार बोलणार, अशी सगळ्यांची खात्री होती.

तो पिंडासमोर उकिडवा बसला. अगदी हळू बोलला. मी अगदी शेजारी होतो, म्हणून मला ऐकू आलं.

"अण्णा, आईची वेणीफणी मी करीन. रोज."

दोन वर्षांपूर्वी आईचं उजवं अंग लुळं पडलं आणि वाचाही गेली. तेव्हापासून रोज सकाळी अण्णाच तिचे केस विंचरायचे. माझ्या बायकोलासुद्धा हात लावू द्यायचे नाहीत.

कावळा त्याच्याही शब्दाला आला नाही. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला. परतताना मागून कुणीतरी म्हणालं, कावळ्याला बी कळतंय राव, खरं कुठलं अन् नाटक कुठलं. त्या माणसाला मी गप्प करायला हवं होतं. उलट वाटेत मीच भावाला म्हणालो, "हितं शूटिंग न्हाई चाललेलं. रोज म्हणतूस अन् परवा जाशील." तो चालत राहिला. नाकावर राग असता, तर तिथेच त्यानं मला सुनावलं असतं.

तो गेला नाही. रोज सकाळी आईला टीव्हीसमोर खुर्चीत बसवायचा आणि तळहातावर खोबरेल तेल घ्यायचा. गुंता टोकाकडून सोडवायचा, वरून कधी ओढायचा नाही. गावच्या नाटकात बायकांची कामं करायचा, तेव्हा टोप विंचरताना तो हे शिकला होता. त्या कामांवरून मी त्याला मारलंही होतं. आता त्यानं घातलेला अंबाडा संध्याकाळपर्यंत सुटायचा नाही. मी मात्र मनात म्हणत होतो, पात्र दवाखान्यात आहे तोवरच हे कौतुक.

महिना असाच गेला. एका सकाळी मालिकेचा आदल्या दिवशीचा भाग पुन्हा लागला होता. भाऊ मागे उभा राहून आईचे केस विंचरत होता. पडद्यावर डॉक्टर बाहेर आले, त्यांनी मान हलवली, आणि लगेच भिंतीवर माझ्या भावाचा फोटो दिसला, हार घातलेला. आईच्या घशातून भलताच आवाज निघाला. तिचा डावा हात मागे गेला आणि त्याचं मनगट सापडेपर्यंत चाचपडत राहिला.

"आई, हाय मी. हितंच हाय," तो म्हणाला.

मी टीव्ही बंद केला. ती शांत झाल्यावर त्याला अंगणात नेलं आणि विचारलं, तुला काढून टाकलं का?

"न्हाई दादा. मीच म्हणालो, मारा मला. दवाखान्यात तरी किती दिस ठिवणार व्हते?"

हे काम मिळावं म्हणून आठ वर्षं तो दारोदार फिरला होता. पुढं काय, विचारलं, तर म्हणाला, आठवड्याला एखादा नाटकाचा प्रयोग मिळाला तरी भागंल, जाऊन येऊन करीन. मला फार लाज वाटली, पण ही लाज त्याची नव्हती, माझी होती. सगळ्या घाटाला ऐकू जाईल असा शब्द मी दिला होता, आणि आईच्या केसांना माझा हात एकदाही लागला नव्हता. तुला खोटा समजलो, एवढंच मी कसंबसं म्हणालो.

त्यानं हातातली फणी माझ्यापुढे धरली. "एका बाजूचं राह्यलंय. टोकापासनं सोडव."

मी आईच्या मागे जाऊन उभा राहिलो. फणी लावताच तिनं मान थोडी वळवली. हात वेगळा आहे, हे तिला कळलं होतं. मी थांबलो. मग तिनं डोकं मागे माझ्या हातावर टेकलं.